पिशवीतले अन्न, अन्नातली पिशवी

कोपरगाव तालुक्यात साखरेविषयी कुणाला काही शिकवायला जाऊ नये. उतारा, टनेज, एफआरपी, मळीचा भाव यांवर इथे चहाच्या टपरीवर जी चर्चा रंगते, ती एखाद्या कारखान्याच्या वार्षिक सभेतही रंगत नसेल. कोळपेवाडी, सहजानंदनगर, साकरवाडी ही नावे तर ऊस, साखर आणि अल्कोहोल यांच्या हिशेबासकट घराघरांत पाठ आहेत. पण ती साखर ज्या पोत्यात भरली जाते त्याचा विषय निघाला की चर्चा एका वाक्यात आटोपते: बारदान काय भावाने पडले? पोते कशाचे विणले आहे, विणण्यापूर्वी त्या धाग्याला कोणते तेल लावले होते, त्यातले किती साखरेला लागले, हे विचारताना मी तरी कुणाला ऐकलेले नाही. दुधाची पिशवी, पेढ्याचा पुडा, लोणच्याचा पाउच, रश्श्याचे पार्सल यांचेही तेच. आतल्या मालाची डोळ्यांत तेल घालून पारख करणारा माणूस बाहेरच्या वेष्टणाचा फक्त भाव विचारतो.

ही पुस्तिका त्या वेष्टणाविषयी आहे. वेष्टणातून अन्नात काय उतरते, किती उतरते आणि ते मोजतात कसे, एवढाच तिचा विषय. प्रयोगशाळेत याला मायग्रेशन म्हणतात; पुढच्या पानांत सगळीकडे आम्ही ‘उतरणे’ असेच लिहिले आहे. कोपरगाव-शिर्डी पट्ट्यात दूध, खवा, पेढे, गूळ, मसाले, लोणची, पापड यांवर पोट असलेली कितीतरी घरे आहेत, बचत गट आहेत. ही पाने मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींसाठी लिहिली आहेत.

तसा आपल्या घरांना हा प्रकार नवा नाही. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. म्हणून तर कल्हईवाल्याची हाक आली की घरातली भांडी ओट्यावर यायची. आंबट पदार्थातले आम्ल तांबे विरघळवते, मध्ये कथिलाचा पातळ थर आला की ते थांबते. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याखाली १९५५ मध्ये जे नियम झाले, त्यांत नीट कल्हई न केलेली तांब्या-पितळेची भांडी विक्रीच्या अन्नासाठी अयोग्य ठरवली होती. कल्हईवाला पिढ्यान्‌पिढ्या जे करत आला तेच सरकारने कागदावर उतरवले. पण कळकलेले ताक जिभेला कळते. प्लॅस्टिकमधून उतरलेले बहुतेक काही डोळ्यांना दिसत नाही की चवीला लागत नाही. तिथे जिभेचे काम तराजूला करावे लागते.

प्लॅस्टिक म्हणजे नुसता पॉलिमर नव्हे, इथून सुरुवात केली पाहिजे. पॉलिमरची साखळी इतकी लांब असते की ती जागची हलत नाही. हलतात ते तिच्या आसपासचे लहान रेणू: साखळीत न गुंफले गेलेले तुकडे, फिल्म यंत्रावर चिकटू नये म्हणून घातलेले निसरडे पदार्थ, ऊन-हवेने ती खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायने, मऊपणा आणणारी थॅलेट्स, रंग, उत्प्रेरकाचे अवशेष. पाण्याच्या पेट बाटलीत अँटिमनी असते ते याच शेवटच्या कारणाने. हे रेणू फिल्ममधून वाट काढत पृष्ठभागाशी येतात आणि समोर आवडीचे माध्यम मिळाले की त्यात शिरतात. त्यांतल्या बहुतेकांना पाण्यापेक्षा तेल-तूप अधिक मानवते. उष्णता वाढली की वेग वाढतो, दिवस वाढले की मात्रा वाढते. म्हणून ‘ही पिशवी चांगली की वाईट’ हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी, किती गरम, किती दिवस, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

दुधाची पिशवी घ्या. गोदावरी खोरे तालुका दूध संघामुळे कोपरगावला दूध हा साखरेइतकाच जिव्हाळ्याचा धंदा आहे. पिशवीची फिल्म पॉलिथिनची, अनेकदा तीन थर एकत्र काढलेली. तिच्यासाठी आयएस ११८०५ हे वेगळे भारतीय मानक आहे. दूध गार करून भरतात, गारच फिरवतात आणि दोन दिवसांत संपवतात. स्निग्धांश असला तरी थंडी आणि अल्प मुदत या दोन गोष्टी ग्राहकाच्या बाजूने उभ्या असतात. माझ्या मते, धसका घ्यायचाच तर या पिशवीच्या आधी घ्यावा अशा चार तरी गोष्टी आपल्या रोजच्या व्यवहारात आहेत. दुधाच्या पिशवीला नावे ठेवणारे गृहस्थ उकळता चहा पातळ कॅरीबॅगमध्ये बांधून दुकानावर नेतात, आणि कागदी कपात ओतून पितात. त्या कपाच्या आतून प्लॅस्टिकचा पातळ अस्तर-थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर द्रव अशा कपात पंधरा मिनिटे राहिले तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण त्यात येतात. कण वेगळे आणि विरघळून उतरणारी रसायने वेगळी, हे खरे. दोन्हींना गती देते ती उष्णताच.

आता चाचणी. तिचे मूळ रूप इतके साधे आहे की चांगला तराजू आणि भट्टी असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात ती समजावून देता येईल. आयएस ९८४५ या मानकात तिची पद्धत दिली आहे. खरे अन्न चाचणीला वापरत नाहीत, कारण लोणच्यात आधीच शेकडो पदार्थ असतात. त्यांत पिशवीचे कोणते हे शोधायचे कसे? म्हणून अन्नाच्या जागी त्याच्या स्वभावाचा एखादा साधा द्रव घेतात. बिनआंबट, पाणीदार पदार्थासाठी ऊर्ध्वपातित पाणी. आंबटासाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल. मद्यासाठी १० किंवा ५० टक्के अल्कोहोल. तेलकटासाठी हेप्टेन किंवा ऑलिव्ह तेल. पदार्थ तेलकट आणि आंबट असा दोन्ही असेल तर चाचण्याही दोन. कैरीचे लोणचे नेमके या जातीचे.

फिल्मचे तुकडे मोजून कापतात, साधारण १००० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळेल असे. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिलिटर या हिशेबाने द्रव घेतात आणि फिल्म त्यात ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या वेळेपर्यंत ठेवतात. दीर्घ साठवणुकीच्या पदार्थासाठी ४० अंशांना १० दिवस. हेप्टेन असेल तर ३८ अंशांना अर्धा तास. मग फिल्म काढून द्रव आटवत आणतात, पन्नासेक मिलिलिटर उरला की आधी वजन करून ठेवलेल्या बशीत ओततात, पूर्ण सुकवतात, शोषकपात्रात थंड करतात आणि पुन्हा वजन करतात. सलग दोन वजने जुळेपर्यंत हे चालते. तराजू एका मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा लागतो. बशीला बोट लागले तरी आकडा हलतो, म्हणून चिमट्याखेरीज कुणी तिला हात लावत नाही. शेजारी फिल्म न घातलेल्या द्रवाची एक बशी तशीच आटवलेली असते. तिचा अवशेष वजा केला की उरते ते फिल्ममधून उतरलेले. १००० चौरस सेंटिमीटर म्हणजे १० चौरस डेसिमीटर. मर्यादा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे बशीत जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम. चांगल्या फिल्मचा अवशेष त्याहून कितीतरी कमी भरतो.

एक खाचखळगा इथेच सांगून ठेवतो, कारण अहवाल वाचताना तो हमखास नडतो. हेप्टेन हा द्रव खऱ्या तेलापेक्षा जास्त ओरबाडून घेतो. म्हणून त्याच्या आकड्याला मानकानुसार पाचाने भागतात. अहवालात दिलेला आकडा भागण्याआधीचा की नंतरचा, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा वाचून उपयोग नाही.

याच मर्यादेचे दुसरे रूप आहे किलोमागे ६० मिलिग्रॅम. २०१८ च्या भारतीय वेष्टण विनियमांत दोन्ही रूपे शेजारी-शेजारी आहेत. ती एकाच गणितातून आली. १० सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा कल्पा. त्यात १ लिटर पाणी मावते, म्हणजे १ किलो अन्न. त्याला सहा बाजू, प्रत्येक १ चौरस डेसिमीटर. सहा गुणिले दहा, साठ. मोठ्या डब्याला, किलोच्या पिशवीला हा हिशेब बरा लागू पडतो. पण आपल्या किराणा दुकानाच्या दारावर तोरणासारख्या लटकणाऱ्या माळा आठवा: एक रुपयाची, दोन रुपयांची, पाच रुपयांची पुडी. ८ बाय ६ सेंटिमीटरच्या पुडीत १० ग्रॅम लोणचे असेल, तर दोन्ही बाजू मिळून जवळजवळ १ चौरस डेसिमीटर फिल्म त्या १० ग्रॅमला वेढून बसलेली असते. फिल्म मर्यादेच्या काठावर असेल, तर १० ग्रॅम लोणच्यात साडेनऊ मिलिग्रॅम उतरू शकते. किलोच्या भाषेत हे ९६० मिलिग्रॅम होते, ठोकळ्याच्या हिशेबाच्या सोळा पट. चौरस डेसिमीटरच्या रूपात मात्र ती पुडी बिनबोभाट पास. पुडी जितकी लहान तितके अन्नाच्या वाट्याला वेष्टण जास्त येते, आणि लहान पुडी घेतो तो हातावर पोट असलेला माणूस. या विषयातली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. तिसऱ्या प्रकरणात तिच्यावर सविस्तर लिहिले आहे.

यावरून लगेच घाबरायचे कारण नाही. एकूण किती उतरले हे मोजणारी चाचणी विषारीपणा मोजत नाही. वेष्टण किती ‘सुटे’ आहे एवढेच सांगते. उतरलेल्यात निरुपद्रवी मेणासारखे तुकडेच बहुधा जास्त असतात. घातक ते कोणते, यासाठी एकेका पदार्थाची स्वतंत्र मर्यादा असते. बेरियम किलोमागे १ मिलिग्रॅम, तांबे ५, जस्त २५, लोह ४८, आणि कोबाल्ट केवळ ०.०५. हे मोजायला बशी आणि भट्टी पुरत नाही. तिथे महागडी उपकरणे आणि ती चालवणारी शहाणी माणसे लागतात. शिवाय मर्यादा काही दगडावरची रेघ नव्हे. बिस्फेनॉल-ए या पदार्थाची रोज चालू शकणारी मात्रा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये आधीच्या तुलनेत २०,००० पटींनी खाली आणली. कालपर्यंत सुरक्षित म्हटलेले आज तसे राहत नाही, म्हणून जुना अहवाल फ्रेम करून भिंतीवर लावण्यात अर्थ नसतो.

पोत्याकडे परत येतो. तागाचा धागा विंचरण्याआधी मऊ व्हावा म्हणून त्यावर तेल-पाण्याचे मिश्रण मारतात. हे तेल पूर्वी सर्रास खनिज तेल असे, ज्यूट बॅचिंग ऑइल या नावाने विकले जाणारे. तागाच्या पोत्यांतून गेलेल्या कोको, कॉफी आणि हेझलनटमध्ये ते उतरल्याचे युरोपात आढळले आणि गलका झाला. आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने १९९८ मध्ये अन्नासाठीच्या पोत्यांचे मानक काढले: साबण न होणारे तेलकट घटक पोत्याच्या किलोमागे १२५० मिलिग्रॅमच्या आत. खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल, आपल्याकडे विशेषतः भाताच्या कोंड्याचे तेल, वापरण्याचा मार्गही निघाला. इकडे १९८७ च्या कायद्याने ताग उत्पादकांना संरक्षण दिले, आणि त्याखालच्या आदेशांनी साखरेचा २० टक्के हिस्सा तागाच्या पोत्यांत भरणे कारखान्यांवर बंधनकारक केले. साखर उद्योग त्याविरुद्ध कुरकुरत आला आहे. तंतू साखरेत येतात, ओल धरते, आणि तेलाचा प्रश्न आहेच. तागवाले म्हणतात की प्लॅस्टिकच्या विणीच्या पोत्यांचा लोंढा पर्यावरणाचे वाटोळे करतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचाही धंदा आहे. साखर कोरडी, स्फटिकी; ती तेल कोकोसारखे पिऊन घेत नाही. पण ताग की प्लॅस्टिक या वादात दोन्ही पोत्यांची चाचणी करून मग बोलू, असे म्हणणारा आवाज मला फार क्षीण ऐकू येतो.

शाईची गोष्ट तर थेट आपल्या शिवारातून जाते. साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीजमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट तयार होते. गोडसर, फळासारख्या वासाचा हा विद्रावक लवचिक वेष्टणाच्या छपाईत आणि फिल्मचे थर एकमेकांना चिकटवण्यात जगभर वापरला जातो, आणि त्या कामासाठी तो टोल्युइनपेक्षा पुष्कळ बरा मानतात. शाईसाठीच्या आयएस १५४९५ या मानकाच्या २०२० च्या सुधारित आवृत्तीने टोल्युइनला मज्जाव केला आहे. थोडक्यात, इथल्या उसाचाच एक अंश चिवड्याच्या झगमगीत पाकिटामागे राबलेला असू शकतो. छपाईनंतर विद्रावक नीट उडून गेला नाही तर पाकीट फोडताच नाकाला कळते. हा दोष निदान लपून राहत नाही.

लपून राहतो तो दुसरा. छापील फिल्म किंवा पुठ्ठा रोलवर गुंडाळला जातो, तेव्हा एका वेढ्याची छापलेली बाहेरची बाजू दुसऱ्या वेढ्याच्या आतल्या, अन्नाला लागणाऱ्या बाजूवर दाबून बसते. शाईतले रेणू तिथे गुपचूप उठतात. २००५ च्या नोव्हेंबरात इटलीत हेच उघड झाले. बाळांच्या दुधाच्या खोक्यांवरची शाई अतिनील प्रकाशाने वाळवण्यासाठी घातलेले आयटीएक्स नावाचे रसायन दुधात सापडले. सुमारे ३ कोटी लिटर दूध जप्त झाले. शाई बाहेर होती, मध्ये अनेक थर होते, आणि तरीही रसायन आत पोहोचले. कारण ते थर ओलांडून आलेच नव्हते, रोलवरच पलीकडच्या बाजूला लागले होते. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. नुसती कोरी फिल्म तपासून छापील पाकिटाला प्रमाणपत्र देणे किती पोकळ आहे, हे त्याच्याइतके दुसरे काही शिकवत नाही.

शिर्डीच्या वाटेवरच्या पेढ्याच्या खोक्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणा ठरेल. बाहेरून पांढरा, आतून करडा असा तो डुप्लेक्स पुठ्ठा. करडी बाजू रद्दी कागदाच्या लगद्याची, आणि त्या रद्दीत वर्तमानपत्राच्या शाईतले खनिज तेल आलेले असते. झुरिचच्या प्रयोगशाळेत कोनी ग्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की असे तेल पुठ्ठ्यातून वाफेच्या रूपाने निघून कोरड्या अन्नात शिरते. स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. खव्याचा पेढा, कोमट असतानाच भरलेला, वर साधा बटर पेपर. हा कागद तूप अडवतो, तेलाची वाफ अडवेलच असे नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा चाचणीतले ४० अंश सहज ओलांडतो. आपल्या भागातल्या मालाची चाचणी आपल्या उन्हाळ्याला धरून मागितली पाहिजे, असे मला वाटते ते यामुळे. वर्तमानपत्रात भजी बांधणे तर २०१८ च्या विनियमांनी सरळ बंद केले आहे. ते किती बंद झाले हे कोणत्याही एसटी स्थानकाबाहेर पाहावे.

ते विनियम २०१८ च्या डिसेंबरात निघाले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. अन्नाला थेट लागणाऱ्या वेष्टणासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अनुरूपता प्रमाणपत्र उत्पादकाकडे असले पाहिजे, असे त्यांत आहे. मान्यतेचा हा मुद्दा बारीकसारीक समजू नये. २०१५ मध्ये मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर ती उभी होती त्यांच्या मान्यतेवरच न्यायालयाने बोट ठेवले आणि मोहाली, हैदराबाद, जयपूर इथे फेरतपासणीला पाठवले. चाचणी खरी असली तरी ती कुणी, कोणत्या अधिकाराने केली हे कोर्टात विचारले जाते.

कोपरगावच्या उत्पादकाची अडचण मला माहीत आहे. अंधेरीची भारतीय पॅकेजिंग संस्था दूर, पुण्या-नाशिकच्या प्रयोगशाळांची फी बचत गटाला झेपेनाशी, आणि व्यापारी रोलवर ‘फूड ग्रेड’ असा शिक्का मारून मोकळा. त्या दोन शब्दांत द्रव नाही, तापमान नाही, दिवस नाहीत. म्हणजे चाचणीतले काहीच नाही. दहा गटांनी एकाच जातीची फिल्म एकत्र घेऊन एकच चाचणी करून घ्यावी, हा मार्ग शेवटच्या प्रकरणात आकडेमोडीसह दिला आहे. त्यासाठी लागणारी संघटनेची सवय या सहकारी तालुक्याला नव्याने लावायला नको.

तोवर वाचकाने एवढे करावे. पुढचा रोल मागवताना पुरवठादाराकडे लेखी मागावे: चाचणी कोणत्या द्रवात केली, किती अंशांना, किती वेळ, आणि तपासलेला नमुना आपल्याच छापील फिल्मचा होता का. उत्तर येत नसेल तर ऑर्डर थांबवावी.